बाहुलीची फेरपरीक्षा

सोमवार, ४

सकाळी वर्गावर निघणार एवढ्यात वखारीच्या मालकांचा फोन. "परीक्षक, तुमची बाहुली चावली."

कुत्री त्यांची, लाकडाची वखार त्यांची, चावली तीही त्यांच्याच मेव्हण्याला. पण फोनवर ती 'तुमची' झाली. एका अर्थी खरं आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुटीच्या दिवशी राखणीच्या कुत्र्यांची परीक्षा घेतो. बाहुलीला तीन वर्षांपूर्वी मीच पास केलं. रॉटवायलर, अंगाने काळीकुळकुळीत, डोळ्यांवर तपकिरी ठिपके, आणि मान अशी की पट्टा शोधावा लागतो. पिल्लू असताना टॉवेलात गुंडाळून आणली तेव्हा फाटकावर बसणाऱ्या बाई "ही तर बाहुली" म्हणाल्या. ते नाव तिला अजून चिकटलेलं आहे.

मेव्हणा म्हणजे वखारीचा व्यवस्थापक. मनगटाला टाके पडलेत. मालक म्हणाले, "घरात बायको बोलत नाही माझ्याशी. तिच्या भावाला मीच चावलो असं चाललंय. जनावरांच्या डॉक्टरांना पुढच्या मंगळवारी बोलावून ठेवलंय. तोवर तुम्ही बघा आणि एका शब्दात सांगा, बिघडली की नाही. बिघडली असेल तर इंजेक्शन. मला कुत्र्यातलं कळत नाही, लाकडातलं कळतं. कीड लागलेला ओंडका मी ठेवत नाही."

हो म्हणालो. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती निर्दोष निघावी असं मला वाटतं ते तिच्यासाठी, की मी तिला पास केलं म्हणून? हे कळेपर्यंत स्वतःच्या मतावर भरवसा ठेवू नये. पण मंगळवार काही माझ्यासाठी थांबणार नाही.

मंगळवार, ५

वखारीत गेलो. करवतयंत्राचा आवाज इतका की माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनीच बोलतात. फाटकाजवळ पत्र्याच्या छपराची केबिन, आत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ. दाराखाली लाकडाची जाड पाचर ठोकून ते उघडं ठेवलेलं. उघड्या दारातून भुसा आत येत होता, टेबलावर, कपात, बाईंच्या केसांत.

टेबल विचित्र जागी आहे. खिडकीशी असतं तर फाटक समोर दिसलं असतं. बाईंनी ते कोपऱ्यात ओढून घेतलंय, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. फाटक बघायचं तर मान वाकडी करावी लागते. मी तसं म्हटलं.

"मला इथं बरं वाटतं," त्या म्हणाल्या. पस्तिशीच्या असतील. बोलणं मोजकं. बाहुली टेबलाखाली त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. मला ओळखलं, शेपटीचा बुंधा दोनदा हलवला, पुन्हा पडली.

व्यवस्थापक अतिशय सभ्य गृहस्थ. स्वतः खुर्ची पुढे केली, चहा मागवला, पट्टी सोडून जखम दाखवली. त्यांचं म्हणणं असं: हजेरीचं पुस्तक घ्यायला ते केबिनमध्ये आले, हात पुढे केला, आणि टेबलाखालून कुत्री काही इशारा न देता झेपावली. "मला तिचा राग नाही हो, मुका प्राणी तो. पण उद्या एखाद्या गिऱ्हाइकाला धरलं तर? आणि मुळात राखणीच्या कुत्र्याचं केबिनमध्ये काम काय? दोन महिने झाले, बाई तिला दिवसभर आत घेऊन बसतात. मी कितीदा सांगितलं, फाटकावर बांधा. ऐकतील तर शपथ."

यात ते बरोबर आहेत. राखणीची कुत्री पायाशी लोळायला लागली की तिचं काम बिघडतं, हे मी स्वतः लोकांना सांगत आलो आहे. बाईंच्या लाडाने हे झालं असेल तर वाईट वाटेल, पण ते लिहावं लागेल.

गुरुवार, ७

आज बाहेरच्या मोकळ्या जागेत परीक्षा. तोंडाजवळ फटकन छत्री उघडली. मागे पत्र्याचा डबा आपटला. एक कामगार जाड गादीची बाही घालून काठी उगारत बाईंकडे धावला. बाहुली बाईंच्या पुढे येऊन उभी राहिली, एकदाच भुंकली, आणि काठीवाला थांबताच तीही थांबली. छत्रीच्या वेळी तर जांभई दिली. कामगार म्हणाला, "माझ्या बायकोला एवढा धीर असता तर!" सगळे हसले, बाईसुद्धा.

बिघडलेलं कुत्रं असं वागत नाही. ही जात का घडली ते आठवलं की हे वागणं समजतं. यांचे पूर्वज गुरांचे कळप दूरच्या बाजारांना हाकत नेत. वाटेत रात्री त्यांची राखण, बाजारात पोचल्यावर खाटकाची गाडी ओढायची, आणि परतीच्या वाटेवर, असं सांगतात, मालकाची पैशांची थैली कुत्र्याच्या गळ्यात, कारण तिला हात लावायची कोणाची छाती नव्हती. मग रेल्वे आली, गुरं डब्यांतून जाऊ लागली आणि या कुत्र्यांना काम उरलं नाही. जात जवळजवळ संपली होती. पोलिसांच्या कामाला लागली म्हणून तगली. पण अंगात अजून तो गुराखी आहे. बैल चावून हाकत नाहीत, चावलेला बैल उधळतो. खांदा लावायचा, छातीने रेटायचं. आणि आधी थांबून बघायचं. दात सगळ्यात शेवटी.

म्हणूनच व्यवस्थापकांचं 'काही इशारा न देता' मला खटकतं. बाईंना विचारलं, "आधी गुरगुरली नव्हती?"

"दोन महिने गुरगुरत होती."

मी चकित झालो. "मग तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"कोणाला?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मालकांना, नाहीतर व्यवस्थापकांना. त्या बाहुलीच्या कानातला भुसा काढू लागल्या.

हे गंभीर आहे. एका ठरावीक माणसावर दोन महिने गुरगुरणाऱ्या कुत्रीची गोष्ट लपवणं ही सांभाळणाऱ्याची मोठी चूक. बाईंबद्दल मला आदर वाटू लागला होता, पण लिहिताना तो आड येऊ देता कामा नये.

शुक्रवार, ८

घाईने लिहितो आहे. अक्षर वाईट येतंय.

दुपारी केबिनमध्ये बाईंशी बोलायला गेलो. वारा सुटला होता आणि भुसा अक्षरशः डोळ्यांत जात होता. मी पायाने पाचर सरकवली, दार लावलं, कडी घातली. बाई काहीतरी सांगत होत्या त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या आणि उठून उभ्या राहिल्या. खुर्ची मागे भिंतीवर आपटली. मी वळतो तोवर बाहुली टेबलाखालून बाहेर. भुंकली नाही. सरळ येऊन माझ्या मांडीला खांदा लावला आणि रेटलं. मी एक पाऊल मागे. पुन्हा रेटलं. माझी पाठ दाराला टेकली. तिचं डोकं माझ्या पोटाशी, डोळे वर माझ्या डोळ्यांत, आणि छातीतून अशी घरघर येत होती की ती मला कानांनी नाही, पायांतून ऐकू आली.

"दार उघडा," बाई म्हणाल्या. आवाज एकदम बारीक. "दार उघडा, काही करणार नाही ती."

मागे हात घालून चाचपडत कडी काढली. दार उघडताच बाहुली दोन पावलं मागे सरली आणि बसली. जणू काही झालंच नाही.

भीती ओसरल्यावर, खरं सांगायचं तर, आनंद झाला. खांदा लावून रेटणं मी इतकी वर्षं वर्गात शिकवतो, आज प्रथमच माझ्यावर ते घडलं. आणि दोष सापडला! कडीचा आवाज. छत्री नाही, डबा नाही, काठी नाही. लोखंडी कडीचा आवाज. कधीतरी बंद खोलीत ती घाबरली असणार. बाईंना विचारलं, "पिल्लू असताना कोणी कोंडलं होतं का तिला?"

त्यांनी पाचर उचलली, पुन्हा दाराखाली सारली आणि टाचेने ठोकून बसवली. "तिला नाही," म्हणाल्या.

शनिवार, ९

दिवसभर जखमेचा विचार. डाव्या मनगटाची आतली बाजू. एकदाच धरलं आणि सोडलं, झटका नाही, फाडलेलं नाही. पण उंची जमत नाही. पुस्तक टेबलावर असतं. टेबलाखालून आलेल्या कुत्रीने हात धरला तर तो खालून, बोटांशी धरेल. शिवाय बाईंच्या खुर्चीच्या हातावर नखांचे ओरखडे आहेत. म्हणजे ती पुढचे पाय खुर्चीवर टाकून वर चढली, आणि हात तेव्हा वर होता, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. तिथे हात कशाला जाईल? मागच्या फळ्यावरची चावी घ्यायला? पण चाव्यांचा फळा दाराशेजारी आहे. कदाचित आधी दुसरीकडे असेल. विचारायला हवं.

तरीही मत जवळजवळ तयार आहे. 'कडीच्या आवाजाने बिथरते. बंद जागेत विश्वासार्ह नाही.' मालक याचा एकच अर्थ घेतील, हे मला कळतं. वाक्य तीनदा मनात फिरवून पाहिलं. खोटं काही नाही त्यात. तरी घशाखाली उतरत नाही.

संध्याकाळी बायको कपड्यांना इस्त्री करत होती. तिला सगळं सांगितलं. रेटण्याचा प्रसंग जरा रंगवूनच सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं. तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"दार तू का लावलंस?"

"वारा होता. भुसा येत होता."

"आणि आत ती बाई एकटी."

"एकटी कशी? कुत्री होती की."

"हो ना," ती म्हणाली. "कुत्री होती म्हणून." मग विचारलं, "टेबल कधी सरकवलं तिने?"

"ते मी कुठे विचारलं? टेबलाचा काय संबंध?"

"अरे, तू पोरांना पास-नापास करतोस कॉलेजात?" एवढं बोलून तिने पुन्हा इस्त्री उचलली. माझ्या त्या शर्टाची कॉलर तिने इतकी दाबली की चमक आली.

रविवार, १०

आता सगळं दिसतंय आणि मला स्वतःची लाज वाटते. लाज बाजूला ठेवून विचार करायचा प्रयत्न केला.

पाचर. टेबल. भिंतीला पाठ. कुत्री आत घेतली दोन महिन्यांपूर्वी. 'कोणाला?' हे सगळं मीच पाहिलं, मीच ऐकलं, आणि त्यातून बाईंचा निष्काळजीपणा काढला.

पण माझ्याकडे काय आहे? ओरखडे आणि अंदाज. व्यवस्थापकांनी मला चहा पाजला म्हणून ते सज्जन ठरत नाहीत, तसे माझ्या अंदाजाने दुर्जनही ठरत नाहीत. उद्या कोणी माझ्याबद्दल असा अंदाज बांधला तर? आणि बाईंनी जे सांगायचं टाळलं ते मी परस्पर सांगून टाकायचं, हा अधिकार मला कोणी दिला? न सांगावं तर मंगळवारी बाहुली मरते.

बायकोला म्हटलं, "तुझ्या ऑफिसात कधी..."

"पहिल्या नोकरीत. मी जागा बदलून घेतली होती, जिन्याजवळची."

"तू मला म्हणाली होतीस, तिथे उजेड चांगला आहे."

"उजेडही होता," ती म्हणाली.

सोमवार, ११

कॉलेज सुटल्यावर वखारीत. केबिनच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. करवत चालू होती, त्यामुळे जवळजवळ ओरडून बोलावं लागत होतं, आणि असली गोष्ट ओरडून कशी विचारायची? मी म्हटलं, "बाई, उद्या बाहुलीचा निकाल. मला वाटतं ती कडीवर बिथरत नाही. ती... तुम्ही जर काही..."

"आत या," त्या म्हणाल्या. "पाचर राहू द्या तशीच."

आत गेलो. त्या बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण माझ्या शब्दांत त्याचं काहीतरी वेगळंच होईल. "परीक्षक, मी तोंड उघडलं तर दोन दिवस बाहुलीची चर्चा होईल आणि मग जन्मभर माझी. घरी सासूबाई आहेत, पोरगी शिकतेय. साहेब मालकांचा मेव्हणा आहे. मी कोण? फाटक उघडणारी. इंजेक्शन हिला द्यायचं ठरलंय ना? मला द्यायचं म्हणाले नाहीत एवढंच नशीब."

"मी सांगू का मालकांना?"

"काय सांगणार? तुम्ही होतात तिथं?"

बाहुलीने उठून माझ्या गुडघ्याला अंग टेकलं आणि सगळं वजन टाकलं. ही जात असंच करते. माणूस आपला आहे असं ठरलं की त्याच्यावर रेलते. मला ते सहन होईना.

निघताना त्यांनी विचारलं, "उद्या साहेब असणार?"

"हो. मालकांनी बोलावलंय."

"मग परीक्षा बाहेर नको. इथंच घ्या, केबिनमध्ये. त्या दिवशी जसं झालं तसं करून दाखवायला लावा." आणि बाहुलीला म्हणाल्या, "ए बाई, उद्या नीट वाग हं. पाहुणे येणार आहेत."

त्यांच्या मनात काय आहे ते मला कळलेलं नाही.

मंगळवार, १२

डॉक्टर फाटकाबाहेर गाडीत बसून होते, पेटी मांडीवर. करवत बंद करायला सांगितली होती. वखार इतकी शांत मी कधी ऐकली नव्हती.

केबिनमध्ये मालक, व्यवस्थापक, बाई आणि मी. व्यवस्थापकांच्या आग्रहाने बाहुलीच्या तोंडाला मुसकं बांधलं होतं आणि साखळी माझ्या हातात. ते रास्तच होतं. बाई आपल्या खुर्चीत बसल्या. बाहुली टेबलाखाली.

मी म्हटलं, "त्या दिवशी जसे आलात तसे या."

ते दारातून आत आले, टेबलासमोर थांबले, पुस्तक उचललं. उजव्या हाताने. बाहुलीने डोळे मिटले.

"ही तर झोपली," मालक म्हणाले.

"भाऊजी, आज सगळे जमलेत म्हणून."

"जखम डाव्या हाताला आहे," मी म्हटलं.

"मग डावा असेल. हात लक्षात ठेवतो का कोणी?" त्यांनी डाव्या हाताने पुस्तक उचललं. बाहुली ढिम्म. "आणि दार?" मी विचारलं. "उघडंच होतं. उघडंच असतं, बघताय ना."

मालकांनी घड्याळात पाहिलं. बाहेर डॉक्टरांच्या गाडीचं दार वाजलं. मी तोंड उघडलं होतं, पण त्यातून काय निघणार होतं ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाई उठल्या. व्यवस्थापकांच्या शेजारून दाराशी गेल्या, पायाने पाचर काढली, दार लावलं, कडी घातली. परत येऊन खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

बाहुली त्याआधीच उभी होती. साखळी ताणली गेली. ती मी सोडली की सुटली, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. ती खुर्ची आणि व्यवस्थापक यांच्या मधोमध शिरली आणि खांदा लावला. एक पाऊल. आणखी एक. त्यांच्या हातातलं पुस्तक पडलं. मुसक्यातून फक्त श्वास ऐकू येत होता. ते भिंतीला घासत दाराशी पोचले आणि ओरडले, "धरा तिला! दार उघडा! अरे, दार उघडा!"

"आता त्या दिवशीसारखं झालं," बाई म्हणाल्या. मालकांकडे बघत. "फक्त त्या दिवशी 'दार उघडा' मी म्हणत होते."

मालकांचा चेहरा मी बघू शकलो नाही, मी बाहुलीच्या पाठीकडे बघत होतो. मग मालकांनीच जाऊन कडी काढली. मेव्हण्याला म्हणाले, "माझ्या गाडीत जाऊन बस." तो काही बोलू लागला. "बस म्हटलं ना." डॉक्टर दारात आले होते, त्यांना म्हणाले, "तुम्ही या आता. फुकट त्रास दिला."

मग माझ्याकडे वळले. "परीक्षक, एक शब्द मागितला होता."

"बिघडलेली नाही," मी म्हटलं. ते दोन शब्द झाले. त्यांनी मान हलवली आणि खाली पडलेलं पुस्तक स्वतः उचलून बाईंच्या टेबलावर ठेवलं.

गुरुवार, २८

बऱ्याच दिवसांनी वखारीकडे गेलो. बाईंनी तक्रार नोंदवली आहे, साक्षीला मालकांचं आणि माझं नाव आहे. मला जे दिसलं तेवढंच सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. ते मला येतं असं मी समजत होतो. आता उजळणी करतो आहे. व्यवस्थापक येत नाहीत. मालकांच्या घरी अजून अबोला आहे. "पोळी ताटात पडते, पण आवाज करत पडते," ते म्हणाले. कामगारांपैकी काही बाईंशी पूर्वीसारखं बोलतात, काही बोलत नाहीत. सगळं सुरळीत झालं असं लिहिता येणार नाही.

केबिनमधलं टेबल खिडकीशी आलंय. बाहुली फाटकावर नाही, आतच आहे. मी त्याबद्दल काही म्हटलं नाही.

वारा होता. मी दारात उभा राहूनच बोलत होतो आणि भुसा माझ्या अंगावरून आत जात होता.

"आत या आणि लावा ते दार," बाई म्हणाल्या. "सगळा भुसा माझ्या चहात पडतोय."

"उघडं असू दे."

"लावा हो. मी म्हणतेय ना."

पाचर कुठे दिसली नाही. मी दार लावलं, आणि जरा थांबून, कडी घातली. आवाज झाला, तसाच, लोखंडाचा. बाहुलीने डोळे उघडले. माझ्याकडे नाही, बाईंकडे बघितलं. त्या बशीत चहा ओतत होत्या. बाहुलीने हनुवटी पुन्हा पायांवर टेकवली.